आशाताईंना काय कळतं?

रांजणगाव एमआयडीसीला खेटून असलेल्या कारेगावात भाड्याच्या खोल्यांची दाटी आहे. परगावाहून, परराज्यातून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात आणि शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपतात. कोरोनात अशा वस्तीत सर्वेक्षण करायचं, तर रात्रपाळी करून आलेल्या माणसाला उठवूनच ताप मोजावा लागे. हे काम करणाऱ्या आशाताई (आशा आरोग्य सेविका), सिस्टर यांच्याबद्दल तेव्हा पसरलेले गैरसमज अजून पुरते गेलेले नाहीत.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे, “यांनाच काही माहीत नव्हतं, रोज नवीन सांगायच्या.” अहो, विषाणूच नवा होता! कोविशील्ड लशीच्या दोन डोसांतलं अंतर आधी 4 ते 6 आठवडे होतं, मार्च 2021 मध्ये 6 ते 8 झालं, मे महिन्यात 12 ते 16. ठरायचं दिल्लीत आणि बोलणी खायच्या दारात उभ्या असलेल्या ताई. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी तर आयसीएमआरने मार्च 2020 मध्ये खुद्द आरोग्य कर्मचाऱ्यांनाच प्रतिबंधासाठी सुचवली होती. पुढे मोठ्या चाचण्यांत कोरोनावर तिचा फायदा दिसला नाही. प्लाझ्मा उपचारही मे 2021 मध्ये मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. नवा पुरावा आल्यावर जुना सल्ला सोडणं हे जाणकारीचंच लक्षण आहे.

“ऑक्सिमीटरवर 98 आलं, म्हणजे कोरोना नाही,” हाही असाच एक समज. ते यंत्र रक्तातला ऑक्सिजन मोजतं, संसर्ग ओळखत नाही. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो. म्हणून ताई बोट चोळून गरम करायला सांगत, आकडा स्थिर होईपर्यंत थांबत. सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचं, तेही याचसाठी: बसल्या जागी न दिसणारी घट चालल्यावर कळते.

“दवाखान्यातलेच रोग घेऊन येतात,” म्हणून राज्यात, देशात कित्येक नर्सना खोली सोडायला सांगितलं गेलं. रुग्णांच्या सहवासात सर्वाधिक धोका त्यांनाच होता. त्यांच्यावरच्या हल्ल्यांसाठी एप्रिल 2020 मध्ये केंद्राला अध्यादेश काढून तीन महिने ते पाच वर्षांची कैद ठरवावी लागली, हे आपल्याला शोभणारं नाही.

16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. काहीजण आधी कचरले, हे खरं. पण शंका विचारणं म्हणजे लस वाईट असल्याचा पुरावा नव्हे. लस घेऊनही लागण होऊ शकते. गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका मात्र तिने खूप कमी होतो.

आणि “पगार घेतात, मग करायलाच हवं” असं म्हणणाऱ्यांसाठी: आशा या सरकारच्या लेखी स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. जून 2021 मध्ये राज्यातल्या हजारो आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे त्यांच्या मानधनात महिना 1,000 रुपयांची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मान्य झाला.