डिस्लेक्सिया : प्रत्येक मुलाची अडचण सारखी नसते

एकाच वर्गातली दोन मुले पाहा. एक मुलगा धडा वाचतो, पण अडखळत, आणि शुद्धलेखनात चुका करतो. दुसरा चौथीत आला तरी त्याला ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक लक्षात राहत नाही. गोष्ट ऐकवली तर मात्र दोघेही ती नीट समजून सांगतात. या दोघांनाही डिस्लेक्सिया असू शकतो; एकाला सौम्य, दुसऱ्याला तीव्र.

डिस्लेक्सिया म्हणजे मतिमंदत्व नव्हे आणि आळसही नव्हे. शब्दातले आवाज वेगळे ओळखणे व ते अक्षरांशी जोडणे या मुलांच्या मेंदूला जड जाते. हा दोष बऱ्याचदा घराण्यात असतो. तरीही सख्ख्या भावंडांत त्याचे प्रमाण कमीजास्त असते. उंचीचे जसे असते, तसेच हे आहे. ठेंगू कोठे संपला आणि उंच कोठे सुरू झाला, अशी रेघ निसर्गात नसते.

मराठी लिपीत सौम्य अडचण असलेले मूल साधे शब्द वाचते, पण जोडाक्षरांपाशी थांबते. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’ या शब्दांत एकच ‘र’ चार रूपांत येतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात, पण उच्चार नंतर होतो. तीव्र अडचण असलेल्या मुलाला मात्र काना-मात्रा नसलेला शब्दही दर वेळी नवा वाटतो. सोबत अवधान टिकत नसेल, तर अडचण आणखी वाढते.

मुळशीत ओळखणे अवघड का?

आपल्या भागातील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या वा कोळशाच्या कामासाठी काही महिने गाव सोडतात. मुलांची शाळा तुटते. घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे की त्याला शिकायलाच मिळाले नाही, हे चटकन कळत नाही. दोन्ही बाजूंनी चूक होते : शाळा बुडालेल्या मुलावर नसलेल्या दोषाचा शिक्का बसतो, आणि खरोखर अडचण असलेले मूल ‘गैरहजर राहतो म्हणून मागे’ या शेऱ्याखाली झाकले जाते.

म्हणून आधी काही महिने रोज, नियमाने शिकवून पाहावे. नुसत्या तोंडी खेळातूनही अंदाज येतो. “‘कमळ’मधला ‘क’ काढला, तर काय उरले?” असे विचारावे, शब्द मुलाच्या बोलीतले असावेत. डोळे आणि कानही तपासून घ्यावेत. इतर मुले पुढे गेली आणि हे मूल तिथेच राहिले, तर तज्ज्ञांकडे न्यावे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

दाखला आणि मदत

मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. पुढे दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात स्थान दिले. या कायद्यातील कित्येक लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. ही रेघ कारभाराच्या सोयीची आहे. तिच्या अलीकडे राहिलेल्या मुलालाही वर्गात रोज त्रास होतोच, आणि त्यालाही मदत हवीच.

मदतही प्रमाणात असावी. सौम्य अडचणीत जादा वेळ व रोजचा थोडा सराव बरेच काम करतो. तीव्र अडचणीत एकेक आवाज, एकेक अक्षर, हाताने गिरवत, पुन्हा पुन्हा, कित्येक वर्षे शिकवावे लागते. दोष नाहीसा होत नाही, पण मूल वाचू लागते.

आपणही एक गोष्ट करू शकतो. संडे स्कूलमध्ये एखादे मूल शास्त्रपाठ वाचायला कचरत असेल, तर त्याला सर्वांसमोर उभे करू नये. पाठ आधी वाचून दाखवावा, आणि त्याला तो आपल्या शब्दांत सांगू द्यावा.