जमिनीचा पूर्वेतिहास घरातील ज्येष्ठांना विचारा

रुग्णाला तपासण्यापूर्वी चांगला डॉक्टर त्याचा पूर्वेतिहास विचारतो. कोणते आजार होऊन गेले, कोणता व्यवसाय केला, कोणती औषधे चालू आहेत, हे कळल्यावाचून निदान अपुरे राहते. जमिनीचेही तसेच आहे. ज्या जागेत पूर्वी रासायनिक रंगांचे काम चालत होते, तेथे आज घर बांधावयाचे असेल, ती विकावयाची असेल किंवा तेथील बोअरचे पाणी वापरावयाचे असेल, तर त्या जागेचा पूर्वेतिहास हा कुटुंबाच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो. हा इतिहास पुष्कळदा कोणत्याही कागदावर नसतो. तो आजी-आजोबांच्या स्मरणात असतो आणि त्यांना कोणी विचारले नाही, तर त्यांच्याबरोबरच जातो.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. १८७७ मध्ये सुरू झालेली 'जुनी गिरणी' आणि तिच्यामागून आलेल्या लक्ष्मी, विष्णू व नरसिंगगिरजी या गिरण्यांनी शहर घडविले. त्या आता बंद आहेत. पूर्व भागात आधी हातमाग आणि नंतर यंत्रमाग आले. राहते घर आणि माग एकाच छपराखाली नांदले. चादरी आणि टॉवेल यांनी सोलापूरचे नाव देशभर नेले, आणि त्यांचे सूत रंगविणारे लहान-मोठे डाइंगचे कारखाने वस्तीलगत उभे राहिले. पुढे अक्कलकोट रस्त्यावर आणि चिंचोळी येथे औद्योगिक वसाहती झाल्या. जुन्या व्यवसायातील पुष्कळ शेड आज रिकाम्या आहेत. मुले पुण्याला किंवा हैदराबादला स्थायिक झाली आहेत आणि वडिलांची जागा विकावी की बांधावी, याचा विचार घरोघरी चालू आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुना कारखाना होता म्हणून जागा दूषित आहे, असे कोणीही समजू नये. तपासणीवाचून तसा आरोप करणे चूक आहे, आणि तपासणीवाचून जागा निर्धोक मानणेही तितकेच चूक आहे.

मातीत काय राहू शकते?

सुती धाग्याला गंधकयुक्त किंवा व्हॅट रंग दिल्यावर तो पक्का करण्यासाठी पूर्वी बायक्रोमेट वापरले जात असे. त्यातील सहासंयुजी क्रोमियम हे विषारी आणि पाण्यात सहज विरघळणारे आहे. बेंझिडीनवर आधारलेले काही रंगही पूर्वी प्रचलित होते. त्यांच्या हाताळणीवर भारतात १९९०च्या दशकात बंदी आली. बॉयलरच्या कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे यांसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात असतात. जुन्या बॉयलरच्या नळ्यांवरील आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकते. सांडपाणी शुद्ध करताना तळाशी बसणारा रासायनिक गाळ आणि रसायनांची रिकामी पिंपे ही तर कायद्यानेच घातक कचऱ्यात मोडतात.

सोलापूरची जमीनही या प्रश्नात भर घालते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगा असलेला काळा दगड आहे. वर सांडलेले द्रव या भेगांवाटे खोल उतरू शकते. नळाचे पाणी अनेक दिवसांआड येणाऱ्या या शहरात बोअरच्या पाण्यावर किती घरे विसंबून असतात, हे आपण जाणताच.

वृद्धापकाळी काळजी अधिक का?

शरीरात गेलेल्या शिशाचा बहुतांश साठा हाडांत होतो आणि तेथे तो अनेक वर्षे राहतो. उतारवयात हाडे झिजू लागली की त्यातील काही भाग पुन्हा रक्तात उतरतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठते. मधुमेह वा रक्तदाबामुळे ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत, त्यांना हा भार अधिक जाचतो. बेंझिडीनचा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे आणि तो संपर्कानंतर काही दशकांनीही उद्भवू शकतो. म्हणून ज्यांनी तरुणपणी रंगकाम केले आहे, त्यांनी ती गोष्ट आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावी. लघवीतून वेदनेविना रक्त गेले, एकदाच गेले आणि आपोआप थांबले, तरी ते दुर्लक्षू नये. धूम्रपान करणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पाण्याविषयीचा एक गैरसमज दूर व्हावा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे व आर्सेनिक प्रत्येकी लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. ही प्रमाणे रंग, वास वा चव यांवरून ओळखता येत नाहीत. नेहमीच्या पाणी-तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू पाहिले जातात. धातूंची तपासणी त्यात असेलच असे नाही, ती स्वतंत्रपणे मागावी लागते.

अभियांत्रिकी संस्था नेमके काय करते?

दूषित जागेची स्वच्छता हा व्यवसाय करणाऱ्या संस्था असतात. त्यांत पर्यावरण अभियंते, भूवैज्ञानिक आणि रसायनतज्ज्ञ एकत्र काम करतात. त्यांच्या कामाचे टप्पे उपचाराच्या क्रमाशी जुळणारे आहेत.

पहिला टप्पा इतिहासाचा. जुने नकाशे, परवाने आणि वीजजोडणीची कागदपत्रे पाहिली जातात आणि जुन्या कामगारांशी, शेजाऱ्यांशी बोलणे होते. दुसरा टप्पा नमुन्यांचा. वेगवेगळ्या खोलीवरची माती, तसेच जागेच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे भूजल तपासले जाते. दोन्ही अंगांची तुलना केल्याशिवाय दोष याच जागेचा की बाहेरून आलेला, हे ठरत नाही. तिसऱ्या टप्प्यात धोका मोजतात. विष मातीत आहे एवढे पुरेसे नसते. ते पाणी, धूळ किंवा भाजीपाला यांवाटे माणसापर्यंत पोहोचते का, हे पाहावे लागते. चौथा टप्पा उपचाराचा. दूषित माती खणून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवणे, जागेवरच अभेद्य थर घालून ती झाकणे, भूजल उपसून शुद्ध करणे, किंवा रसायन मिसळून सहासंयुजी क्रोमियमचे कमी घातक त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करणे, असे त्याचे अनेक मार्ग आहेत. शेवटचा टप्पा पुन्हा तपासणीचा असतो, आणि भूजलाच्या बाबतीत ती पुढेही काही वर्षे चालू ठेवावी लागते.

यांतील पहिला टप्पा सर्वांत स्वस्त असतो आणि तोच सर्वाधिक वेळा टाळला जातो. पिंपे कोठे ठेवीत, रंगाचे पाणी कोणत्या चरातून जाई, कोणता आड बुजवला आणि कशाने बुजवला, राख कोठे पसरली, हे ठाऊक असेल तर नमुने नेमक्या ठिकाणी घेता येतात. ठाऊक नसेल तर चार कोपऱ्यांत चार खड्डे खणले जातात आणि पाचव्या जागी पुरलेले पिंप तसेच राहते. अहवाल मात्र 'दोष आढळला नाही' असा येतो.

कायदा काय सांगतो?

घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम १९८९ मध्ये आले. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यांनुसार कारखानदाराला असा कचरा आवारात साधारणतः ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही. तो अधिकृत वाहतूकदारामार्फतच न्यावा लागतो आणि प्रत्येक खेपेसोबत सात प्रतींचा मालवाहतूक दस्तऐवज असतो. महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजा, महापे आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सामाईक विल्हेवाट केंद्रे आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उप-प्रादेशिक कार्यालय सोलापुरात आहे. शंका असल्यास प्रथम तेथे लेखी विचारणा करावी.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी तयार व्हावा, त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक मूल्यमापन आणि पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी व्हावी, जागा दूषित ठरल्यास ती जाहीर करून तेथील वावर मर्यादित करावा आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्च घ्यावा, असा त्यांचा आशय आहे. शहरातील सर्वसाधारण घनकचऱ्याचे ढीग या नियमांत येत नाहीत; त्यांच्यासाठी घनकचऱ्याचे वेगळे नियम आहेत.

'ज्याने दूषित केले त्याने भरावे' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात ठामपणे लागू केले. रंगनिर्मितीला लागणारे एच-ॲसिड बनविणाऱ्या कारखान्यांच्या गाळामुळे तेथील विहिरींचे पाणी बिघडले होते. कारखाने बंद झाले तरी गाळ राहिला, आणि दंडाच्या वसुलीचा वाद २०११ पर्यंत न्यायालयात गाजत होता. भोपाळचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर कारखान्यात पडून असलेला ३३७ टन घातक कचरा हलवावयास जानेवारी २०२५ उजाडले. तो पिथमपूर येथे नेऊन जून २०२५ अखेर जाळून संपविण्यात आला. परंतु त्याची राख उरली, आणि भोपाळच्या मातीतील व भूजलातील दोषाचा प्रश्न वेगळा राहिला. कचरा हलविणे आणि जागा स्वच्छ करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातून ध्यानी यावे.

संस्था नेमताना विचारावयाचे प्रश्न

वडिलोपार्जित शेड असो वा सहकारी गृहनिर्माण संस्थेने घेतलेली जागा असो, करार करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

१. निदान करणारा, उपचार करणारा आणि शेवटी 'जागा स्वच्छ' असा दाखला देणारा एकच आहे का? किमान शेवटची तपासणी तरी त्रयस्थ संस्थेकडून व्हावी.

२. नमुने किती, कोणत्या खोलीचे आणि कोणत्या द्रव्यांसाठी? प्रयोगशाळेला त्या विशिष्ट तपासण्यांसाठी एनएबीएल मान्यता आहे का?

३. माती खणून नेणार असल्यास ती कोठे जाणार? वाहतूक दस्तऐवजाची प्रत आणि विल्हेवाट केंद्राची पोच आपल्याला मिळणार का? 'टिपर भरून गावाबाहेर टाकून देतो' असे म्हणणाऱ्याचा दर नेहमीच कमी असतो. मात्र त्यातून होणाऱ्या हानीची जबाबदारी कचरा ज्याच्या आवारातून निघाला त्याच्यावरही येते.

४. किती स्वच्छ म्हणजे पुरेसे? कोणत्या मानकाशी तुलना होणार? घर, बाग आणि गोदाम यांसाठीचे निकष एक नसतात.

५. काम चालू असताना धुळीचा बंदोबस्त काय? माती ओली ठेवणे, ढीग झाकणे, गाड्यांवर ताडपत्री आणि शेजाऱ्यांना पूर्वसूचना या अटी करारात असाव्यात. ॲस्बेस्टॉस असेल तर ते कोरडे फोडू नये आणि सामान्य मजुरांकडून काढून घेऊ नये.

६. अहवालाचा सारांश मराठीत मिळेल का? ज्याचा अर्थ घरच्यांना लागत नाही, तो अहवाल कपाटात पडून राहतो.

शेजारी असे काम चालू असेल, तर दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या ज्येष्ठांची खोली शक्यतो त्या बाजूची नसावी. खणण्याच्या वेळी खिडक्या बंद ठेवाव्यात, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि बाहेरच्या चपला दाराबाहेर ठेवाव्यात. बोअरच्या पाण्याची शंका फिटेपर्यंत पिण्यास व स्वयंपाकास नळाचे पाणी साठवून वापरावे.

आठवण लिहून ठेवावी

आता ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. आपण गिरणीत, डाइंगमध्ये किंवा एखाद्या कारखान्यात काम केले असेल, अथवा त्याच्या शेजारी आयुष्य काढले असेल, तर एका वहीत त्या जागेचा साधा नकाशा काढावा. विहीर, चर, भट्टी, पिंपांची जागा आणि राखेचा ढीग दाखवावा. अंदाजे वर्षे लिहावीत. जे डोळ्यांनी पाहिले ते आणि जे ऐकले ते वेगवेगळे नोंदवावे. हात थरथरत असेल तर नातवंडाने लिहून घ्यावे किंवा मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करावे. खाली तारीख आणि सही असावी.

काळजीवाहकांनी हे काम एका बैठकीत उरकू नये. थोडे थोडे विचारावे. स्मरण मंदावलेल्या व्यक्तीलाही जुन्या कामाच्या जागा पुष्कळदा स्पष्ट आठवतात, आणि आपल्या अनुभवाचा कोणाला उपयोग होतो आहे, हे त्यांना सुखावून जाते.

या नोंदीची एक प्रत घरातील जमिनीच्या कागदपत्रांत ठेवावी, एक नेमलेल्या संस्थेला द्यावी आणि जागा आपली नसल्यास एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्जासोबत पाठवून पोच घ्यावी. ज्यांनी रंगकाम केले, त्यांनी पुढच्या भेटीत तीच वही आपल्या डॉक्टरांनाही दाखवावी.