तंजावरची मराठी ऐकायची तर...

दक्षिणेच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबं तंजावरला फार तर अर्धा दिवस थांबतात. बृहदीश्वराचं दर्शन, अवाढव्य नंदीसमोर एक फोटो, आणि गाडी लागते मदुराईच्या रस्त्याला. याच देवळाच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर चक्क देवनागरी लिपीत, मराठी भाषेत भोसले घराण्याचा सगळा इतिहास कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या हुकमावरून बाबूराव चिटणिसांनी तो १८०३ साली लिहिला. एवढा लांबलचक मराठी शिलालेख महाराष्ट्रातही शोधून सापडायचा नाही. पण गाइड तिथे थांबत नाही आणि पर्यटकही विचारत नाहीत!

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७०च्या दशकात इथे आले आणि तंजावरला मराठी गादी स्थापन झाली. १८५५मध्ये शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. म्हणजे जेमतेम १८० वर्षांचा कारभार. पण लढायांपेक्षा या राजांनी जास्त लक्ष घातलं ते नाटक, नाच, गाणं आणि ग्रंथांत. त्याचा हिशेब मात्र मराठी माणसाने अजून नीट मांडलेला नाही.

साधं उदाहरण रंगभूमीचं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत केलेल्या ‘सीता स्वयंवरा’ची आठवण म्हणून. त्याच्या दीडशे वर्षं आधी, सुमारे १६९०मध्ये, तंजावरचे शाहराजे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ नावाचं मराठी नाटक लिहून मोकळे झाले होते! पुढे सरफोजीराजांनी तर कमालच केली. त्यांच्या ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कोरवीण प्रेक्षकांना चक्क जगाचा भूगोल सांगते. मुलांसाठी इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक, ‘बालबोध मुक्तावली’, त्यांच्या छापखान्यात १८०६मध्ये छापलं गेलं. मुंबई-पुण्यात मराठी छपाईचा जम बसायला तेव्हा बराच अवकाश होता.

सणांचं गाव

आजचं तंजावर हे मध्यम आकाराचं, पूर्णपणे तमिळ वळणाचं शहर आहे. दुकानांच्या पाट्या तमिळ, बसमधल्या गप्पा तमिळ. पण वर्षभर इथे काही ना काही चाललेलं असतं आणि त्यातल्या बऱ्याच कार्यक्रमांच्या मुळाशी मराठी धागा सापडतो.

पौष वद्य पंचमीला जवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना असते. कावेरीकाठच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. त्यागराज (१७६७–१८४७) आयुष्यभर राहिले ते मराठी राजांच्याच मुलखात. सरफोजीराजांनी पाठवलेलं दरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारलं, अशी कथा इथे घरोघर सांगतात. या समाधीवरचं मंदिर बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःच्या पैशांनी उभारलं. तेव्हा बायकांना तिथे गायचीही मुभा नव्हती आणि त्यासाठीही तीच झगडली.

महाशिवरात्रीला बृहदीश्वराच्या आवारात नाट्यांजली होते, ठिकठिकाणच्या नर्तकी नृत्यातून शंकराला अभिवादन करतात. मे महिन्याच्या सुमारास, नृसिंह जयंतीला, मेलट्टूर गावात भागवतमेळा रंगतो. रात्र रात्र चालणारी ही नाटकं तेलुगूतली, आणि बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांची ‘गोलू’ मांडतात. त्यात मान डोलावणाऱ्या तंजावरी बाहुल्या असायच्याच. बृहदीश्वर बांधणाऱ्या राजराज चोळाचा जन्मोत्सव ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. ते देऊळ धरून ८८ देवळांचं राजवाडा देवस्थान आहे आणि त्याचं वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडेच आहे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी बृहदीश्वराचा कुंभाभिषेक झाला, तेव्हा मंत्र संस्कृत आणि तमिळ अशा दोन्ही भाषांतून म्हटले गेले.

पुण्या-मुंबईत ज्यांच्या मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम झालं असेल, त्यांच्या घरात तर तंजावर आधीच येऊन पोहोचलेलं आहे. अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम गुरू शिकवतात, तो बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि ते होते सरफोजीराजांच्या पदरी. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठी रचना केल्या. एक अख्खी कथा, अनेक रचना, पण सगळ्या एकाच रागात आणि एकाच तालात बांधलेल्या! महाराष्ट्रातल्या किती नृत्यवर्गांत त्या शिकवल्या जातात, हे पालकांनी एकदा विचारून पाहावं.

राज्य गेल्यावर कलावंत पांगले. त्यातला एक प्रवास मात्र लग्नाच्या निमित्ताने झाला. १८८०मध्ये तंजावरची राजकन्या लक्ष्मीबाई बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची राणी झाली, पहिल्या चिमणाबाई त्या याच. त्यांच्याबरोबर माहेराहून नर्तकी आणि साथीदारांचा ताफा बडोद्याला गेला. त्यातल्याच कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे बडोद्यात भरतनाट्यमच्या कितीतरी पिढ्या घडवल्या. आडनावातच माहेर!

कीर्तनाची उलटी वाट

समर्थ रामदासांच्या शिष्यांनी तंजावरात मठ स्थापले, त्यांच्या मागोमाग ओवी आणि अभंग आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनकार तंजावरला येऊन कीर्तनं करू लागले. ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतर या तरुण गायकाने तमिळमध्ये तसाच बाज आणला, आणि तिथली हरिकथा नव्याने उभी राहिली. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं त्याच नावांनी येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरुष भागवतरांचा विरोध पत्करून सी. सरस्वतीबाई हरिकथेला उभ्या राहिल्या.

ही वाट अजून बुजलेली नाही. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला २०११मध्ये विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर उभं राहिलं. तिथे विठ्ठलदास महाराजांच्या भजनाला जमणारी मंडळी घरी तमिळ बोलतात आणि तुकारामांचे अभंग मराठीतच म्हणतात.

स्वयंपाकघरात तर मराठीचा मुक्काम पक्का आहे. तंजावरकडची ‘रसवांगी’ म्हणजे वांग्याचीच रसदार आमटी. ‘पिटलै’ हे नाव पिठल्यावरून आलं म्हणतात, आणि ‘बोळी’ म्हणजे आपली पोळी, पुरण भरलेली. सांबार संभाजीराजांच्या स्वागतासाठी आमसुलाऐवजी चिंच घालून झालं, ही गोष्ट सगळेच सांगतात. तिला त्या काळातला लेखी पुरावा मात्र नाही. खात्रीचं काही हवं असेल तर सरफोजीराजांच्या काळातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे, सरस्वती महालाने ते छापलेलंही आहे.

मग मराठी बोलणाऱ्यांचं काय? तमिळ शेजारी ज्यांना ‘रायर’ म्हणतात, त्या देशस्थ घरांत आणि मराठा कुटुंबांत तंजावरी मराठी पिढ्यान् पिढ्या टिकली. जुन्या वळणाचे शब्द आणि वाक्याला तमिळचा हेल, अशी ती बोली. शाळा तमिळ किंवा इंग्रजी असल्यामुळे ती ऐकून शिकायची. लिहायची वेळ आली की अनेकांना तमिळ लिपीच जवळची वाटते. नोकरीसाठी मुलं चेन्नईला, बंगळूरला, परदेशात गेली, तिथे लग्नं झाली, आणि घरातली ही बोली आजी-आजोबांबरोबर मागे राहिली. कीर्तनाला सभागृह मिळतं, नृत्याला रंगमंच. पण आजी-नातवंडांच्या बोलण्याला उत्सव समिती नसते. पुण्या-मुंबईची पुस्तकी मराठी शिकवून ही बोली परत येईल, असं समजण्यातही अर्थ नाही. दोन्ही वेगळ्या आहेत आणि तंजावरकरांना आपली बोली ‘अशुद्ध’ म्हणून हिणवल्याने तर नुकसानच झालं आहे.

कागदांची गोष्टही तशीच. १९१८पासून सर्वांना खुल्या असलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांच्या वर मराठी हस्तलिखितं आहेत, आणि मराठी राजवटीच्या मोडी कागदांची रुमालं तेराशेच्या वर. कोणत्या सणाला किती खर्च झाला, कोणत्या नर्तकीला काय दिलं, कोठीत काय आलं, सगळं त्यात नोंदलेलं. ते वाचू शकणारी माणसं आज मोजकी. १९८९मध्ये यातल्या निवडक कागदांची भाषांतरं टिपांसह प्रसिद्ध झाली. ती प्रसिद्ध केली तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने, तमिळमध्ये. आपल्या पूर्वजांनी मराठीत काय लिहून ठेवलंय हे तंजावरच्या एखाद्या मराठी घरातल्या मुलाला जाणून घ्यायचं असेल, तर त्याच्या हाताशी आहे ते हेच तमिळ पुस्तक.