पुन्हा शिवलेलं – भाग ६ : रेसिंग सुटाचं जाकीट

झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ पासून ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या पिशव्या कशा शिवल्या, ते गेल्या भागात पाहिलं. या वेळचं कापड त्याहून अवघड आहे. मोटार शर्यतीतून बाद झालेले सूट उसवून त्यांतून रोज घालायची जाकिटं आणि पँटी हाताने शिवणाऱ्या कारागिरांकडे ते येतं.

सूट फाटल्यावरच बाद होतो असं नाही. जागतिक मोटार क्रीडेची नियामक संस्था ‘एफआयए’च्या ८८५६-२०१८ या मानकाच्या सुटावर वापराची मुदत लिहिलेली असते. प्रायोजक बदलला, तर मुदतीआधीच तो कपाटात जातो. कापड मात्र धडधाकट असतं.

हे कापड बहुधा नोमेक्सचं असतं. डुपाँट कंपनीने १९६० च्या दशकात आणलेला हा अरामिड धागा. त्याचा आगीला दाद न देण्याचा गुण वरून दिलेल्या लेपातून येत नाही, तो धाग्याच्या रेणूतच असतो. ज्वाळेत तो वितळत नाही, काळवंडतो. २०२० च्या बहारिन शर्यतीत चालक रोमँ ग्रोजाँ पेटलेल्या गाडीत सुमारे २८ सेकंद होता आणि बाहेर आला तेव्हा भाजले होते ते मुख्यतः त्याचे हात. पण वितळत नाही म्हणूनच पॉलिएस्टरसारखं हे कापड वितळवून त्यातून नवं सूत काढता येत नाही. त्याला पुन्हा कामाला लावायचं तर कापड म्हणूनच वापरणं सगळ्यात शहाणपणाचं.

खरी कसोटी उसवताना लागते. सूट एकावर एक थरांचा, बऱ्याचदा गोधडीसारखा टाके घातलेला. भरतकाम फक्त सर्वांत बाहेरच्या थरावर करायचं असा नियम आहे, कारण आरपार टाका गेला तर आतल्या थरांचा उष्णतारोध कमी होतो. त्यामुळे प्रायोजकाचं नाव उसवलं तरी अस्तर शाबूत राहतं. बेतही बसलेल्या माणसाचा असतो: हात पुढे, गुडघे वाकलेले. असा सूट नुसता कमरेत कापला तर उभ्या माणसाच्या अंगावर पाठीत फुगतो. पाठ आणि बाह्या नव्याने बेतायला लागतात. ताणणाऱ्या विणीच्या पट्ट्या काखेत आणि पाठीवर जपून ठेवणारा शिंपी मला जास्त कसबी वाटतो. खांद्यावरच्या पट्ट्याही ठेवाव्यात. त्या शोभेच्या नाहीत. अपघातात चालकाला खांद्याला धरून गाडीतून ओढून काढण्यासाठी त्या इतक्या घट्ट शिवलेल्या असतात. कारागिराने त्या कापून फेकल्या, तर सुटाचा इतिहासच गेला असं मी म्हणेन.

असं जाकीट घेतलंत तर सावलीत वाळवा. आगीला न डरणारं नोमेक्स उन्हाने विटतं आणि कमकुवत होतं. आणि एक कळकळीची विनंती. उसवून पुन्हा शिवलेला सूट सुरक्षेचा पोशाख राहत नाही. थर हललेले असतात, नवा दोरा अनेकदा साधाच असतो. ते जाकीट घालून बाजारात जा, मित्रांकडे जा. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र ते घालू नका, आणि कुणी ‘अग्निरोधक’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.