गाठ कोणता अध्याय वाचते?

बसा रे, सरकून बसा. चिमे, तू विचारलंस ना, किडनीतली कॅन्सरची गाठ काढून टाकली तरी डॉक्टर त्या माणसाला वर्षानुवर्षं तपासणीला का बोलावतात? अगं, गाठ गेली तरी तिच्यातल्या चार पेशी त्याआधीच रक्ताबरोबर फुफ्फुसात नाहीतर हाडात जाऊन बसलेल्या असू शकतात. कुणाला त्या वर्षाच्या आत छळतात, कुणाला दहा वर्षांनी, पुष्कळांना कधीच नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं, तर या सगळ्यांच्या गाठी पुष्कळदा सारख्याच दिसतात!

मग ओळखायचं कसं?

ऐका. आपल्या शरीरात डोळ्याची पेशी घ्या की किडनीची, जनुकांची पोथी दोघींकडे एकच. फरक एवढाच की कोण कुठला अध्याय वाचते. अध्याय वाचायला घेतला की त्याच्या नकला निघतात. आरएनए म्हणतात त्यांना. त्या नकला मोजल्या की पेशीचं सध्या काय चाललंय ते कळतं.

किडनीचा जो कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळतो, त्यात बिघाडाची सुरुवात बहुतेकदा व्हीएचएल नावाच्या जनुकापासून होते. हे जनुक 1993 मध्ये सापडलं. ते धडधाकट असलं, की ऑक्सिजन पुरेसा असताना ‘हिफ’ नावाच्या प्रथिनाची विल्हेवाट लागते. ते बिघडलं की हिफ मोकाट सुटतं. ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी तो कमी पडल्यासारखं वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. म्हणून ही गाठ रक्ताने भरलेली असते. पेशीला ऑक्सिजनचा अंदाज येतो कसा, हे उलगडणाऱ्या कॅलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं, ते उगाच नाही.

आता खरं नवल. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये 942 रुग्णांच्या, मेणात जपून ठेवलेल्या गाठी होत्या. त्यांत 732 जनुकांच्या नकला मोजल्या आणि कुणाचा आजार उलटला, कुणाचा नाही, हे त्यांच्याशी ताडून पाहिलं. शेवटी 16 जनुकं निवडली: 11 अंदाजासाठी, 5 नुसती तुलनेला. मग फ्रान्समधल्या 626 रुग्णांवर तीच कसोटी लावली, आणि तिथेही ती टिकली. हे 2015 मध्ये छापून आलं.

सोन्या, रक्तवाहिन्यांची जनुकं जोरात असलेली गाठ जास्त पसरेल की कमी? जास्त म्हणतोस? पळायला वाटा जास्त, म्हणून? बरोबर, कुणालाही असंच वाटेल. पण निघालं उलटं! रक्तवाहिन्यांची आणि प्रतिकारशक्तीची जनुकं जोरात, तिथे आजार उलटण्याचा धोका कमी. पेशी वाढवणारी, विभागणारी आणि दाह पेटवणारी जनुकं जोरात, तिथे धोका जास्त.

पण एवढ्यावर हुरळून जाऊ नका. 2012 मध्ये लंडनच्या संशोधकांनी एकाच माणसाच्या किडनीतल्या गाठीचे निरनिराळ्या जागचे तुकडे तपासले. एका भागातली जनुकं म्हणत होती, याचं बरं होईल. त्याच गाठीच्या दुसऱ्या भागातली नेमकी त्याउलट! तेव्हा गाठीच्या एका तुकड्यावरून कुणी छातीठोक भविष्य सांगायला लागला, तर मी आधी विचारीन, बाबा रे, तुकडा घेतलास कुठून?