कंदील, गुहा आणि पन्नास वर्षं

विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर गुहांचा नादी. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या नकाशांत त्याचा हात होता. घटस्फोटानंतर लेकींना रमवायला म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्यानं पीडीपी-१० या अवाढव्य यंत्रावर गुहेचा खेळ लिहिला. चित्र एकही नाही. वर्णन वाचायचं, एक-दोन इंग्रजी शब्दांत हुकूम सोडायचा, पुढचं वर्णन वाचायचं. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं त्यात भर घातली आणि 'ॲडव्हेंचर' संगणकांमागून संगणकांवर पसरला.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्याचं वारंही लागलं नव्हतं. नव्वदीत इथल्या कॉम्प्युटर क्लासात डॉस, वर्डस्टार, जीडब्ल्यू-बेसिक शिकवायचे; सरांची पाठ फिरली की डेव्ह आणि पॅराट्रूपर हे चित्रांचे खेळ. कुणीतरी फ्लॉपीवर 'ॲडव्हेंचर'च्याच जातीचा, नुसत्या शब्दांचा 'झॉर्क' आणला, तेव्हा शेजारच्या पोरानं विचारलं, "ह्यात मारायचं कुणाला?" खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाजवळ वाढलेल्या पोराचा प्रश्न रास्तच होता. त्या फ्लॉप्या पुढं इथल्या पावसाळ्यांत बुरशी धरून गेल्या. खेळ मात्र टिकला, आणि त्याचं श्रेय कुणाच्या दूरदृष्टीपेक्षा धंद्यातल्या अडचणीला जास्त आहे.

एमआयटीतल्या मंडळींनी १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली, तेव्हा बाजारात ॲपल, टीआरएस-८०, अटारी असे एकमेकांशी न जुळणारे संगणक होते. प्रत्येकासाठी आपला झॉर्क नव्यानं लिहिणं परवडणारं नव्हतं. म्हणून जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी एक काल्पनिक यंत्रच बेतलं, झेड-मशीन. खेळ त्या यंत्रासाठी एकदाच लिहायचा. संगणकागणिक बदलायचा तो छोटा इंटरप्रिटर. कंपनी १९८९ मध्ये बंद पडली, पण हौशी लोकांनी यंत्राची रचना उकलली होती. ग्रॅहॅम नेल्सननं १९९३ मध्ये 'इन्फॉर्म' ही भाषा दिली, 'फ्रॉट्झ'सारखे इंटरप्रिटर आले. आज लिनक्सवर किंवा मोबाइलवर झॉर्कची जुनी फाइल जशीच्या तशी चालते. डेव्हसाठी मात्र डॉसबॉक्स या एम्युलेटरला अख्खा जुना पीसी उभा करावा लागतो.

क्राउदरची मूळ प्रत हरवली, असंच सगळे धरून होते. डेनिस जेर्झ या प्राध्यापकानं चौकशी चालवली आणि २००५ मध्ये ती वुड्सच्या स्टॅनफर्डमधल्या खात्याच्या बॅकअपमध्ये निघाली. कुणी साफसफाई केली नव्हती, एवढंच तिचं नशीब!

इन्फोकॉमचा सोर्स कोड डिजिटल वारसा जपणाऱ्या जेसन स्कॉटनं २०१९ मध्ये गिटहबवर ठेवला, परवानगीचा प्रश्न लटकता ठेवून. नोव्हेंबर २०२५ मध्ये, हक्क हातात आलेल्या मायक्रोसॉफ्टनं झॉर्कच्या तिन्ही भागांना खुला परवाना दिला. तोवर हौशींचं काम कधीच उरकलं होतं.

मराठीत असा खेळ करायचा, तर इन्फॉर्मचा पार्सर, म्हणजे हुकूम समजून घेणारा भाग, आड येतो: पहिला शब्द तो क्रियापद धरतो. 'कंदील पेटव' म्हटलं की तो 'कंदील' नावाची क्रिया शोधत बसणार. देवनागरी अक्षरांची अडचण झेड-मशीनच्या वारसदारामुळे, ग्लल्क्समुळे, संपली आहे. राहिलं ते व्याकरण. ते पुण्यातल्या कुणी हातात घेण्याआधी आमच्या पेठेतल्या पोरांनी घ्यावं.