मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता (एव्हीएम): काल आणि आज
एव्हीएममध्ये धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात. मध्ये केशवाहिन्या नसतात. जास्त दाबाच्या रक्ताने हा गुंता फुटू शकतो, अगदी तरुणपणीही. पूर्वी तो बहुधा शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनातच दिसे. १९२७ मध्ये पोर्तुगालचे डॉ. इगास मोनिझ यांनी मेंदूची अँजिओग्राफी केली आणि निदान शक्य झाले. पुढे शस्त्रक्रियेसोबत नळीवाटे गुंता बंद करणे (एम्बोलायझेशन) आणि गॅमा नाइफ हे पर्याय आले. न फुटलेल्या प्रत्येक एव्हीएमला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही.

अचानक तीव्र डोकेदुखी, फिट किंवा एका बाजूचा लुळेपणा आल्यास ‘वारं गेलं’ म्हणून घरी थांबू नका. १०८ वर फोन करा. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सीटी स्कॅन असलेले जवळचे रुग्णालय गाठा. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार वेगळे असतात.